पावसाळ्यात पीयू रेझिनचे कास्ट भाकरीसारखे फुगतायत, जानेवारीत हाच मोल्ड नीट चालत होता

फोंड्याचा_मयूर

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला असतो आणि गेली दोन वर्षं आमच्या आजोळच्या घराचं १:३५ स्केलमध्ये मॉडेल करतोय. घर आता पाडलंय, त्यामुळे जुने फोटो आणि मामाला आठवतं तेवढ्यावरच सगळं चाललंय. घराला एकसारख्या चौदा खिडक्या होत्या, शिंपल्यांच्या तावदानांच्या, म्हणजे लाकडी जाळीत एकेक चपटा शिंपला सरकवलेला असतो ना तशा. खरी खिडकी १.४ मीटर उंच, म्हणजे माझ्याकडे ४० मिमी. मास्टर पीस प्लास्टिकच्या पट्ट्यांचा हातानेच केला, जाळीच्या पट्ट्या अर्ध्या मिमीच्या, त्यातच तीन रविवार गेले, तसले चौदा करणं जमण्यासारखं नाही म्हणून टिन-क्युअर (टिनच्या कॅटालिस्टने घट्ट होणाऱ्या) सिलिकॉनचा एका बाजूचा मोल्ड केला, मागून उघडा, आणि त्यात पांढरं पीयू (पॉलियुरेथेन) रेझिन ओततो, दोन बाटल्या, एकास एक.

जानेवारी-फेब्रुवारीत सहा खिडक्या एकदम कडक निघाल्या. मग कामामुळे राहिलं ते जूनच्या शेवटी परत हात घातला, आणि आता काय होतं तर ओतल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं सगळं ठीक दिसतं, मग मागची बाजू हळूहळू वर यायला लागते, अगदी तव्यावर भाकरी फुगावी तशी. काढल्यावर खिडकी हातात हलकी लागते आणि ब्लेडने कापली तर आत नुसती बारीक भोकं. अशा पाच फुकट गेल्या. आधी वाटलं मी जोरात ढवळतोय म्हणून हवा जाते, तर आता एकदम सावकाश ढवळतो, फरक शून्य. ओळखीतला एकजण म्हणतो प्रेशर पॉट (हवेच्या दाबाखाली रेझिन सेट करायचं भांडं) घेतल्याशिवाय हे सुटणार नाही. तेवढे पैसे आत्ता नाहीत. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, चवथीला सगळे घरी जमतात तेव्हा मामाला दाखवायचंय.

डिचोलीकर

मयूरबाब, ही हवा नाही, ओल आहे. हवेचा बुडबुडा वेगळा असतो, तो कोपऱ्यात किंवा खाचेखाली अडकतो, दर वेळी साधारण त्याच जागी, आणि बाकी पीस भरीव असतो. तुमचं तसं नाहीये, तुमचा सगळा पीस आतून पाव झालाय. पीयूच्या एका बाटलीत आयसोसायनेट असतं, त्याला पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि घट्ट व्हायच्या आत सगळं फुगतं. स्पंज आणि गाद्यांचा फोम बनवताना हीच रिॲक्शन मुद्दाम घडवून आणतात. थोडी ओलही पुरते आणि आपल्याकडे जुलैत भिंतीसुद्धा घामेजतात, कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथे रेझिनला कोण सोडणार.

आता ही ओल कुठून येतेय ते शोधायचं. तीन जागा असू शकतात, बाटली, ढवळायची वस्तू, नाहीतर मोल्ड. तुम्ही ढवळता कशाने?

काणकोण_बोटवाला

मी फायबरच्या होड्यांच्या कामात आहे, म्हणून सांगतो, एवढी कटकट कशाला, फायबरवाल्याकडे मिळतं ते पॉलिएस्टर रेझिन घ्या, स्वस्त पडतं आणि पावसातही आमचं काम चालू असतं, ते असं फुगत नाही. हार्डनर १ ते २ टक्के टाकायचं. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, कोबाल्ट (रेझिन लवकर पकडावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर कधी थेट एकमेकांत मिसळायचं नाही, भडका उडतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच दुसरं. आणि हार्डनर डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नका.

डिचोलीकर

बोटवाले, हार्डनरचं सांगितलंत ते बरं केलंत, बरेच जण बिनधास्त हाताळतात. पण अर्ध्या मिमीच्या जाळीला पॉलिएस्टर नको असं माझं स्पष्ट मत आहे. ते घट्ट होताना बरंच आकसतं, होडीत आत काचेचे धागे असतात म्हणून निभावतं, इथे नुसत्या रेझिनची पट्टी काढतानाच मोडेल. शिवाय त्यातलं स्टायरीन सिलिकॉनमध्ये मुरतं आणि मोल्ड कडक होत जातो, थोड्याच कास्टनंतर कडा तुटायला लागतात. आणि तो वास, पावसाळ्यात खिडक्या बंद, घरात लहान मुलं असतील तर विचारच करू नका.

फोंड्याचा_मयूर

ढवळतो आइस्क्रीमच्या काडीने, कागदी कपात. मोल्ड दर वेळी नंतर भांडी घासायच्या साबणाने धुतो आणि फडक्याने पुसतो. जानेवारीतही हेच करत होतो.

डिचोलीकर

मग तिथेच आहे. लाकूड आणि कागद दोन्ही हवेतलं पाणी पितात. जानेवारीत काडी सुकी असते, जुलैत तीच काडी ओली असते, हाताला कळत नाही एवढंच. दह्याचा प्लास्टिकचा कप घ्या आणि स्टीलचा चमचा, पण तो परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही, खूण करून वेगळा ठेवा. मोल्ड धुणं तर बंदच करा, धूळ असेल तर चिकटपट्टी लावून उचला. सिलिकॉन स्वतः पाणी पीत नाही पण तुमच्या जाळीच्या खाचांमध्ये जे थेंब अडकतात ते फडक्याला पोचत नाहीत.

आता टेस्ट. एकाच बाटलीतून थोडं थोडं घेऊन दोन कप करा, एक काडीने ढवळलेला, एक सुक्या चमच्याने, आणि चमच्याच्या कपातलं अर्धं मोल्डमध्ये ओता. चमच्याचा कपही फुगला तर बाटलीच गेली समजा. कप चांगला आणि मोल्डमधलं फुगलं तर दोष मोल्डचा. अंदाजाने एकावेळी सगळं बदललंत तर नेमकं काय नडत होतं ते कळणारच नाही आणि पुढच्या पावसात परत तिथेच अडकाल.

प्रेशर पॉटचं म्हणाल तर तो हवेचे बुडबुडे दाबून दिसेनासे करतो, ओल काढत नाही. आणि तुमचा मोल्ड साधाच ओतून केलेला आहे, त्याच्या पोटात बारीक हवा असणार, प्रेशरखाली ती दबते, तिथला सिलिकॉन आत खेचला जातो आणि कास्टवर पुटकुळ्या येतात. पॉट वापरायचा तर मोल्डही पॉटमध्येच सेट करावा लागतो. घरचा कुकर वगैरे तर कुणी हवा भरून वापरू नका, तो त्यासाठी बनलेलाच नाही.

म्हापसेकरीण

मी चवथीसाठी छोटी माटोळी करते, म्हणजे गणपतीच्या वर फळं टांगतात ती, बोटाच्या पेराएवढे नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचे घड, तोरिंजन, सगळं रेझिनचं. पावसात मी पीयू बंद ठेवते आणि इपॉक्सी वापरते. त्याला २४ तास लागतात पण तेवढ्यात हवा आपोआप वर येते आणि ओलीने ते फेसाळत नाही. मात्र दमट हवेत वर तेलकट चिकट थर येतो, तो कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन काढावा लागतो, नाहीतर रंग सोलून निघतो. माझ्या पहिल्या वर्षीच्या सगळ्या केळ्यांचा पिवळा रंग असाच निघाला होता. आणि एकदम जाड ओतलं तर तापतं, कप हातात धरवत नाही.

पण मला खरं तर दुसरंच सांगायचंय आणि कृपा करून मनावर घ्या. मी दोन वर्षं हातमोज्यांशिवाय काम केलं, बोटाला लागलेलं रेझिन ॲसिटोनने पुसायचे. एका चवथीच्या आदल्या आठवड्यात मनगटापर्यंत पुरळ उठलं, पापण्या सुजल्या. डॉक्टर म्हणाले ही ॲलर्जी आता जाणार नाही, कारण शरीराने एकदा ओळखलं की मग थोडंसंही चालत नाही. ॲसिटोनने कातडीतलं तेल निघतं आणि रेझिन उलट आत जायला वाट मिळते. आता मी नायट्राइलचे मोजे घालते, लागलंच तर साबण-पाणी, आणि तरीही कधीकधी खाज येते. मयूर, पीयूमध्ये तर श्वासाचा प्रश्न आहे, आयसोसायनेटने दमा जडू शकतो, त्यामुळे पाऊस असला तरी खिडकी उघडी आणि पंखा बाहेरच्या दिशेने. साधा धुळीचा मास्क वाफेला अडवत नाही, तो फक्त घासताना कामाचा, आणि घासायचं ते पण वॉटर पेपरने पाणी लावूनच.

फोंड्याचा_मयूर

ताई, खरंच धन्यवाद, मी पण मोजे घालत नव्हतो. आजच डबा आणला.

टेस्ट केली. काडीचा कप पाच मिनिटांत फुगला, दीडपट झाला. चमच्याचा कप सपाट राहिला, घट्ट झाल्यावर कापला तर आतून एकदम भरीव. म्हणजे बाटली ठीक आहे. मोल्डमधली खिडकी मात्र थोडी फुगलीच, आधीएवढी नाही, पण जाळीच्या बाजूला बारीक फेस होता. मग मोल्ड एक रात्र सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला, सकाळी हेअर ड्रायरने हाताला कोमट लागेपर्यंत गरम केला आणि लगेच ओतलं. आली!! मागची बाजू आरशासारखी सपाट. खिडकी टेबलावर टाकली तर टक असा आवाज आला, फुगलेल्यांचा आवाज बद येतो, हे मला आधी कधी जाणवलंच नव्हतं.

त्यानंतर अजून चार काढल्या, सगळ्या चालण्यासारख्या. आता अकरा झाल्या. मोल्ड गरम असल्यामुळे रेझिन लवकर पकडतं, त्यामुळे भराभर ओतावं लागतं एवढंच. दोन खिडक्यांमध्ये जाळीच्या कोपऱ्यात एकेक टाचणीच्या डोक्याएवढं भोक राहिलंय, ती हवाच असावी ना?

डिचोलीकर

हो, ती हवा. मऊ ब्रशने मोल्डमध्ये टाल्कम पावडर फिरवा, मग मोल्ड उलटा करून टपाटप झटका, फक्त पातळ थर राहिला पाहिजे. त्यावरून रेझिन कोपऱ्यात ओढलं जातं. पावडर टाल्कचीच घ्या, मक्याच्या स्टार्चवाली नको, ती परत ओल धरते. आणि सगळं एकदम ओतू नका, आधी थोडं टाकून टूथपिकने प्रत्येक खाचेत फिरवा, मग उरलेलं. टूथपिक पण प्लास्टिकची, हां.

बाटल्यांचं बघा मात्र, आता ठीक आहेत म्हणून नंतर राहतील असं नाही. उघडून ठेवलेल्या बाटलीत वर जी हवा असते तीच दमट असते. मी नवीन आणलं की लगेच छोट्या सुक्या बाटल्यांमध्ये काठोकाठ भरून ठेवतो आणि एक संपल्यावरच दुसरी उघडतो. तोंडावर पांढरी खपली धरली की समजायचं ओल शिरली.

म्हापसेकरीण

शिंपल्यांच्या जागी काय लावणार आहेस?

फोंड्याचा_मयूर

ट्रेसिंग पेपरला मोतिया रंगाचा पातळ हात देऊन बघितला, आत बल्ब लावल्यावर बऱ्यापैकी दिसतो, पण खऱ्या शिंपल्यात जी दुधाळ झाक असते आणि मध्ये वर्तुळासारख्या रेषा असतात त्या येत नाहीत.

म्हापसेकरीण

क्लिअर इपॉक्सी घे आणि त्यात चिमूटभर मोतिया मायका पावडर टाक, सुकी, पाण्यातला रंग नको. सपाट सिलिकॉनच्या तुकड्यावर पातळ पसरव आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण कडक व्हायच्या आत कात्रीने चौकोन काप. जाडी एकसारखी नाही आली तर उलट छान, खरे शिंपले पण एकसारखे कुठे असतात. कापतानाही मोजे घाल, ते तोवर पूर्ण क्युअर झालेलं नसतं.

फोंड्याचा_मयूर

हे उद्याच करतो. शेवटचा प्रश्न, बाल्कांवच्या (घरापुढच्या ओट्याच्या) कठड्याचे गोल खांब बाकी आहेत, २० मिमी उंच, त्याला दोन भागांचा मोल्ड लागेल ना?

डिचोलीकर

लागेल. अर्धा खांब क्लेमध्ये दाबा, बाजूने पेनाच्या टोपणाने चार-पाच खड्डे करा म्हणजे दोन्ही भाग नेमके बसतील. आत्ता तुमचं सिलिकॉन टिनचं आहे म्हणून चालेल, पण पुढे कधी प्लॅटिनमवालं आणलंत तर गंधक नसलेलीच क्ले घ्या, लेटेक्सचे मोजेपण नकोत, ते सिलिकॉन तिथे चिकटच राहतं, सेट होत नाही. पहिला अर्धा सेट झाल्यावर क्ले काढून सगळीकडे व्हॅसलीनचा पातळ हात द्या, अगदी कोपऱ्याकोपऱ्यात, नाहीतर सिलिकॉन सिलिकॉनला धरतं आणि अख्खा ठोकळा एक होतो. खांब उलटा ठेवून तळाच्या बाजूने ओता, म्हणजे ओतायच्या तोंडाची खूण कठड्याखाली लपेल, आणि वरच्या प्रत्येक उंचवट्यापासून हवा जायला बारीक वाट कोरा. नवीन मोल्ड एक दिवस मोकळा ठेवून मगच रेझिन ओता, टिन सिलिकॉनमधून अल्कोहोल निघत असतं, त्याने पहिले कास्ट वरून चिकट राहतात.