ऑडी टीटी देऊन मोठी ग्रँड टुरर घ्यावी का? नाशिककरांचे मत हवे आहे

गंगापूररोडकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१६ ची ऑडी टीटी कूपे आहे आणि ती देऊन लांब पल्ल्याची मोठी गाडी घ्यावी का, या प्रश्नावर मी काही महिने अडून बसलो आहे. घरच्यांचे मत ठरलेले आहे, माझे ठरत नाही. म्हणून ज्यांनी अशी अदलाबदल केली आहे किंवा जवळून पाहिली आहे, त्यांच्याकडून सविस्तर ऐकायचे आहे.

आधी टीटीविषयी लिहितो, कारण काय सोडायचे आहे हे कळल्याशिवाय सल्ला देता येणार नाही. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, २३० अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद देणारी क्वाट्रो यंत्रणा आणि चौदाशे किलोंच्या आतले वजन. आकडे आज कुणाला मोठे वाटणार नाहीत, पण त्र्यंबकेश्वर सोडून मोखाडा-जव्हारच्या दिशेने निघाल्यावर, विशेषतः पहिल्या पावसानंतर रस्ता ओला असताना, ही गाडी ज्या खात्रीने वळणात शिरते आणि बाहेर पडते, तो अनुभव मला दुसऱ्या कोणत्याही गाडीत मिळालेला नाही. एसीच्या गोल झरोक्यांच्या मध्यभागीच तापमानाची बटणे बसवलेली आहेत. इतक्या लहानशा गोष्टीवर कुणीतरी एवढा विचार केला, याचे मला आजही कौतुक वाटते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हंगेरीतील ग्यॉरच्या कारखान्यात टीटीचे उत्पादन बंद झाले, त्यामुळे एकदा विकली की पुढे कधी नवी घेऊ असे म्हणायचीही सोय उरलेली नाही.

अडचण अशी की आईचे गुडघे आता साथ देत नाहीत आणि इतक्या खालच्या आसनावर बसणे-उठणे तिला त्रासाचे होते. मागची दोन आसने मोठ्या माणसासाठी नाहीतच. मुलगी पुण्याला शिकायला गेली आहे, तिचे सामान ने-आण करताना ३०५ लिटरची डिकी लगेच भरते. एसयूव्ही मला मनापासून नको आहे. म्हणून वापरलेली बीएमडब्ल्यू ६ सीरिज ग्रॅन टुरिस्मो किंवा फोर्ड मस्टँग जीटी, असे दोन पर्याय डोळ्यांसमोर आहेत. चालवण्यातले सुख कितपत हरवेल आणि ६ सीरिज घेतली तर पेट्रोल घ्यावी की डिझेल, हे कृपया सांगावे.

कसारा_उतरण यांचे उत्तर

नमस्कार. आपल्या दोन पर्यायांपैकी एक मी आधीच बाजूला काढतो, म्हणजे चर्चा नेमकी होईल.

मस्टँग जीटीचे पाच लिटरचे व्ही-८ इंजिन ऐकले की माणूस बाकीचे विसरतो, हे मला मान्य आहे. २०१६ मध्ये ती भारतात आली तेव्हा मीही तिच्या प्रेमात होतो. पण आपल्याला गाडी आईसाठी आणि मुलीच्या सामानासाठी बदलायची आहे. मस्टँगला दोनच दरवाजे आहेत, मागे बसणाऱ्याला पुढचे आसन वाकवून आत जावे लागते आणि बैठकही खालचीच आहे. शिवाय २०१७ च्या सुरुवातीला युरो एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी घेणाऱ्या युरोपीय संस्थेने तिला पाचपैकी फक्त दोन तारे दिले होते. पुढे सुधारणा होऊन ते तीन झाले, तरी मागे कुटुंब बसणार असेल तर ही गोष्ट नजरेआड करू नये. फोर्डने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, हेही सुट्या भागांच्या दृष्टीने लक्षात ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. ग्रँड टुररकडून काय अपेक्षा ठेवायची, हे कळण्यासाठी मी नेहमी १९५१ च्या लान्सिया ऑरेलिया बी-२० जीटीचे उदाहरण देतो. दोन लिटरचे व्ही-६ इंजिन, आजच्या हिशेबाने अगदी बेताची ताकद; तरीही त्याच वर्षीच्या मिल्ले मिलिया शर्यतीत, हजार मैलांच्या रस्त्यावर, तिने आपल्याहून कितीतरी ताकदवान गाड्यांना मागे टाकून दुसरा क्रमांक मिळवला. असल्या गाडीचा कस शेकडो किलोमीटरनंतर लागतो, चालक आणि सोबतची माणसे किती ताजीतवानी उतरतात यावर. टीटीचा कस प्रत्येक वळणावर लागतो. म्हणून ६ सीरिजला मोखाड्याच्या रस्त्यावर नेऊन टीटीशी तुलना केलीत, तर ती हरणारच आणि तो निकाल तिच्यावर अन्याय करणारा असेल.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपण टीटी घेतली तेव्हा नाशिकहून मुंबईला जायचे म्हणजे कसारा घाट ठरलेला होता. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि घाटाऐवजी बोगदे व पूल आले. मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. अशा रस्त्यावर लांब चाकांतर (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) आणि शांत केबिन यांची किंमत कळते. टीटीचे चाकांतर सुमारे अडीच मीटर, तर ६ सीरिज जीटीचे ३०७० मिलिमीटर आहे. काँक्रीटच्या सांध्यांवरून जाताना हा फरक कंबरेला जाणवतो.

इंदिरानगरची_सई यांचे उत्तर

दादा, आमच्या घरी ६३० डी ग्रॅन टुरिस्मो, म्हणजे ६ सीरिजची डिझेल गाडी आहे आणि त्याआधी आमच्याकडेही दोन दरवाजांची लहान स्पोर्ट्स गाडी होती, त्यामुळे आपली घालमेल मला पूर्ण समजते.

आपल्या आईंच्या दृष्टीने सांगते. टीटीची उंची १३५३ मिलिमीटर आहे आणि ६ सीरिज जीटीची १५३८. या अठरा सेंटिमीटरांनी काय होते, तर माझ्या सासूबाई आधी गाडीत अक्षरशः उतरत असत, आता त्या खुर्चीवर बसावे तशा बसतात. मागची पाठ थोडी रेलता येते, पाय पसरता येतात, आणि पुण्याच्या प्रवासात चाकणला वाहतूक कोंडली तरी त्यांची तक्रार नसते. डिकी सुमारे सहाशे लिटरची असून मागचे दार काचेसकट वर उघडते. त्यामुळे वसतिगृहातले सामान, गाद्यांसह, एका खेपेत येते.

चालवण्याविषयी मी कुणाला खोटी आशा दाखवणार नाही. तीन लिटरचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन फार गोड आहे. ६२० न्यूटन-मीटर टॉर्कमुळे चंदनापुरी घाटात ट्रक ओलांडताना गाडीला कधी जोर लावावा लागत नाही. पण नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना वजन जाणवते. स्टिअरिंग अचूक आहे, तरी रस्त्याची जी कुजबुज हाताला कळायची ती आता येत नाही. पहिले काही आठवडे मी जुन्या सवयीने वळणावर घाई करत असे आणि गाडी मला शांतपणे आवरत असे. हळूहळू माझा वेग बदलला, आणि खरे सांगायचे तर आता ती लय मला आवडू लागली आहे.

एक व्यावहारिक सूचना आहे. ही गाडी ५०९१ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे आपल्या टीटीपेक्षा जवळपास एक्याण्णव सेंटिमीटर जास्त. आपली इमारत जुनी असेल, तर खांबांमधले अंतर आणि वळायची जागा टेपने मोजल्याशिवाय बयाणा देऊ नका. कॉलेज रोडला जागा शोधतानाही याचा विचार करावा लागतो. कुंभमेळ्याच्या कामांसाठी शहरात ठिकठिकाणी रस्ते खणले जात आहेत, तिथे लांब गाडीची धाकधूक आणखी वाढते.

अंबडचे_गॅरेज यांचे उत्तर

ताईंनी अनुभव सांगितला आहे, मी फक्त तपासणीचे सांगतो.

पेट्रोल की डिझेल, याचे उत्तर आपल्या फेऱ्यांवर आहे. पुणे-मुंबई नियमित होणार असेल तर डिझेल घ्यावे. पण गाडी बहुतांश वेळ गंगापूर रोड ते शरणपूर रोड एवढीच फिरणार असेल, तर डिझेलच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, साठलेली काजळी जाळण्याइतके तापमान येत नाही आणि हा भाग तुंबला की खर्च मोठा होतो. तशा वापराला दोन लिटर पेट्रोलची ६३० आय बरी. २५८ अश्वशक्ती आहे आणि नाकही थोडे हलके आहे.

या गाडीला मागे हवेचे सस्पेन्शन असते. गाडी पाहायला जाल तेव्हा आदल्या रात्रीपासून ती एकाच जागी उभी ठेवायला सांगा आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी मागची दोन्ही चाके व कमानी यांमधले अंतर पाहा. एक बाजू बसलेली दिसली तर हवेची पिशवी किंवा झडप गळत आहे. रनफ्लॅट टायर असतील तर आतल्या बाजूने हात फिरवून फुगवटे तपासा, कारण त्यांची कडक बाजू खड्ड्यांत मार खाते. फायदा असा की पंक्चरनंतरही ताशी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जाता येते, आणि समृद्धीवर रात्री कुटुंब सोबत असताना ही मोठी सोय आहे.

दिल्लीकडची स्वस्त डिझेल गाडी पाहून लगेच होकार देऊ नये. तिकडे डिझेल गाड्यांना घातलेल्या दहा वर्षांच्या मर्यादेमुळे भाव पडलेले असतात, पण ना-हरकत प्रमाणपत्र आणून एमएच-१५ करून घेताना महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. तो हिशेब आरटीओत आधी विचारून घ्या.

पाथर्डी_फाटा यांचे उत्तर

टीटी विकू नका, एवढेच माझे म्हणणे आहे. जुनी ६ सीरिज थोडी कमी किमतीची घ्या आणि टीटी ठेवा. दहा वर्षांच्या आयात गाडीला बाजारात जी किंमत मिळेल, ती आपल्याला तिच्या मोलाच्या जवळपासही वाटणार नाही.

गंगापूररोडकर यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मस्टँगचा विचार मी सोडला आहे. युरो एनकॅपचा मुद्दा वाचल्यावर मागे मुलीला बसवून ती चालवणे मला जमणार नाही.

पाथर्डी फाट्याच्या दादांचा सल्ला मनाला पटतो, परंतु आमच्या इमारतीत एकाच गाडीची जागा आहे आणि टीटीला उघड्यावर, पावसात आणि धुळीत ठेवणे मला सहन होणार नाही. ती अशा माणसाला द्यायची इच्छा आहे, जो तिला घाटात नेईल. कुणाच्या ओळखीत असा माणूस असेल तर जरूर कळवा. सर्व्हिसच्या नोंदी पूर्ण आहेत आणि गिअरबॉक्सचे तेल वेळेवर बदललेले आहे.

सईताई, आज पार्किंग मोजले. लांबी बसते, पण डावीकडच्या खांबामुळे मागच्या आसनाचे दार पूर्ण उघडणार नाही, म्हणून आईला गाडी बाहेर काढल्यावरच बसवावे लागेल. ते चालण्यासारखे आहे. पुण्यातली एक ६३० डी पाहायला आम्ही पुढच्या रविवारी जाणार आहोत आणि आईला सोबत नेणार आहोत. गॅरेजवाले दादा, टायरचे वय कसे ओळखावे, तेवढे सांगाल का?

अंबडचे_गॅरेज यांचे उत्तर

टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. म्हणजे २३२१ असेल तर २०२१ चा तेविसावा आठवडा. चारही टायर तपासा, आणि पाच वर्षांहून जुने असतील तर पूर्ण संचाची किंमत सौद्यातून वजा करायला सांगा. परत येताना समृद्धीवर न्यायचा विचार असेल, तर तसल्या टायरवर तर मुळीच जाऊ नका.