मदत हवी आहे: दगडी पायऱ्यांना धक्का न लावता रॅम्प कसा बसवावा?

आमच्या गावातलं छोटं संग्रहालय जुन्या वाड्यात आहे. वाडा राज्य संरक्षित स्मारक असल्यानं दगडात भोक पाडणं किंवा सिमेंट लावणं शक्य नाही. दारात तीन पायऱ्या, एकूण उंची ५४ सेंटीमीटर. एकास बारा उतार (एक सेंटीमीटर उंचीला बारा सेंटीमीटर लांबी) धरला तर साडेसहा मीटर लांबी लागते आणि समोर सरळ जागा जेमतेम चार मीटर. डावीकडे मात्र भिंतीलगत पाच मीटर मोकळे आहेत. दार ८२ सेंटीमीटर रुंद आहे, व्हीलचेअर आत जाते.

प्लायवूडचा रॅम्प करून पाहिला. फारच चढा झाला, एका आजींची खुर्ची मागे कलली, दोघांनी धरली म्हणून थोडक्यात वाचल्या. त्यानंतर तो काढूनच टाकला. खुर्चीसकट माणसाला उचलून नेणं मला पटत नाही. ज्याला उचलतात त्याला ते नकोसं वाटतं.

आता काटकोनात वळणारा, नुसता टेकवलेला, काढता येणारा लोखंडी रॅम्प करायचा विचार आहे. पावसाळ्यात तो घसरू नये म्हणून पृष्ठभाग कसला घ्यावा, आणि दगडाला न जखडता तो हलणार नाही यासाठी काय करावं? कुणी प्रत्यक्ष केलंय का?