अनुभव धागा : शनिवारची सकाळ, अर्ध्या दिवसाची शाळा आणि आपले सुपरहिरो

अमेरिकेत टीव्हीवर शनिवारची सकाळ मुलांच्या कार्टूनसाठी राखून ठेवलेली असे. १९६६ साली सीबीएस वाहिनीने ‘स्पेस घोस्ट’ त्या वेळेत आणला, १९७३ मध्ये एबीसीवर ‘सुपर फ्रेंड्स’ सुरू झाले आणि ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी, तोही शनिवारच, फॉक्सवर ‘एक्स-मेन’ अवतरले. पुढे केबल वाहिन्या आठवडाभर कार्टून दाखवू लागल्या, १९९० च्या कायद्यामुळे मुलांसाठीच्या शैक्षणिक कार्यक्रमांना जागा देणे भाग पडले, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये सीडब्ल्यू वाहिनीनेही शनिवारची कार्टूने थांबवली, तेव्हा ती प्रथा खऱ्या अर्थाने मावळली.

कोल्हापुरात मात्र शनिवारची सकाळ शाळेची होती. पांढरा गणवेश, मैदानावरची कवायत आणि अकरा-साडेअकराला सुटणारी शाळा यांतून वाट काढत आपण या सुपरहिरोंपर्यंत पोहोचलो, तेही बहुधा दुसऱ्याच्या घरातल्या टीव्हीवर, न कळणाऱ्या भाषेत आणि वीज जाण्याच्या धास्तीत. माझी अशी पक्की समजूत आहे की आपण यातला क्वचितच एखादा भाग पूर्ण पाहिला असेल; उरलेला भाग कोणीतरी आपल्याला सांगितला. तो कोणी सांगितला, हे जाणून घेण्यासाठी वाचकांना अनुभव पाठवण्याचे आवाहन केले होते. आलेले अनुभव पुढे देत आहे.

शिवाजी पेठेतून

आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता आणि ‘ही-मॅन’ लागला की त्याच्यासमोर आम्हा मुलांच्या आधी आजोबा बसलेले असत. त्यांची हयात तालमीत गेली होती. पडद्यावरचे संवाद त्यांना कळत नसत, परंतु अंगाची भाषा ते आमच्यापेक्षा चांगली वाचत. ही-मॅनच्या हातात एवढी मोठी तलवार असूनही तो ती कोणावर चालवत नाही, समोरच्याला उचलून बाजूला टाकतो, हे सर्वप्रथम त्यांनी ओळखले. “ह्यो गडी मारत न्हाई, चितपट करतोय. पैलवान हाय,” असे ते म्हणाल्याचे मला स्पष्ट आठवते. मुलांच्या कार्यक्रमांतील हिंसेवर तेव्हा अमेरिकेत बरीच बंधने होती आणि त्यामुळे १९८३ साली फिल्मेशन कंपनीने ही मालिका अशा रीतीने रचली, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचले.

त्याच कंपनीने खर्च वाचवण्यासाठी काही दृश्ये पुन्हा पुन्हा वापरली होती. राजपुत्र अ‍ॅडम तलवार उंचावून ही-मॅन होतो, ते दृश्य तर जवळजवळ प्रत्येक भागात तसेच्या तसे येई. मी एकदा कंटाळून तक्रार केली, तेव्हा आजोबा म्हणाले, “शड्डू ठोकल्याबिगर कुस्ती लागत न्हाई.” त्यानंतर मला ते दृश्य कधी लांबलेले वाटले नाही. खासबागेत आजही कुस्तीपूर्वी शड्डूचा आवाज घुमतो, तेव्हा मला क्षणभर ती उंचावलेली तलवार दिसते.

राजारामपुरीतून

‘शक्तिमान’ हे कार्टून नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही शनिवारचा विषय निघाल्यावर त्याला बाहेर ठेवणे मला जमणार नाही. १३ सप्टेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवर तो सुरू झाला, तो दिवस शनिवारच होता, आणि सुरुवातीला त्याची वेळ शनिवारी साडेअकराची होती. आमची शाळा सुटायची तीही साडेअकरालाच. दप्तर पाठीवर आदळत मी गल्लीतून पळत सुटे, परंतु घरी पोहोचेपर्यंत अर्धा भाग संपलेला असे.

यावर आईने एक उपाय काढला. ती स्वयंपाकघराच्या दारात, टीव्ही दिसेल अशा बेताने भाकरी थापत बसायची आणि सुरुवातीचा भाग माझ्यासाठी लक्षात ठेवायची. मी दारातून आत येताच ती हात न थांबवता शक्तिमानचे साधे रूप असलेला गंगाधर आज कोणापुढे फजीत झाला, पत्रकार गीता विश्वासला कसला संशय आला, खलनायक किल्विषने नवा कोण पाठवला, हे सगळे सांगून टाकी आणि मग आम्ही दोघी उरलेला भाग एकत्र पाहत असू. शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’मध्ये चुकलेले मूल शक्तिमानची क्षमा मागे, तेव्हा आई माझ्याकडे पाही.

पुढे मालिका रविवारी दुपारी बाराला येऊ लागली. मला सगळे भाग पहिल्यापासून पाहता येऊ लागले आणि आईचे सांगणे थांबले. आज मला मालिकेतले प्रसंग फारसे आठवत नाहीत. आईच्या तोंडून ऐकलेले अर्धे भाग मात्र तव्यावरच्या भाकरीच्या वासासकट आठवतात.

लक्ष्मीपुरीतून

थोडेच लिहितो. १९६७ सालचा जुना ‘स्पायडर-मॅन’ दूरदर्शनवर लागत असे. त्यात तो झोके घेत जाई, तेव्हा मागून त्याच त्या इमारती पुन्हा पुन्हा सरकत. माझ्या धाकट्या भावाने त्याचा अर्थ असा लावला होता की तो रोज एकाच रस्त्याने शाळेत जातो, आणि आम्ही सर्वांनी तो मान्य केला होता.

शिवाजी उद्यमनगरातून

वडिलांचे लेथचे छोटे वर्कशॉप होते. शनिवारी शाळा सुटली की मी डबा घेऊन तिथे जात असे आणि दुपारी शेजारच्या काकांच्या घरी केबलवर ‘स्वॅट कॅट्स’ पाहत असे. कार्टून नेटवर्क भारतात १९९५ साली आले. सुरुवातीला ते पूर्ण इंग्रजीत असे आणि रात्री त्याच जागी टीएनटी या वाहिनीचे जुने चित्रपट सुरू होत. मी मराठी माध्यमातला. त्यामुळे टी-बोन आणि रेझर हे त्यातले दोन नायक एकमेकांशी काय बोलतात ते मला कळत नसे. परंतु ते काय करतात, ते मला इतर कोणत्याही सुपरहिरोपेक्षा अधिक कळत होते, कारण ते गॅरेजवाले होते. दिवसा लोकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि भंगारात आलेल्या लष्करी सामानातून टर्बोकॅट हे विमान उभे करायचे, हे मला मुळीच अद्भुत वाटले नाही. आमच्या गल्लीत बंद पडलेल्या यंत्रांचे भाग जोडून नवे यंत्र उभे करणारी माणसे मी रोज पाहत होतो.

त्या दोघांना कमांडर फेरलने शहराच्या सुरक्षा दलातून काढून, झालेल्या नुकसानाची भरपाई करण्यासाठी भंगाराच्या आवारात कामाला लावले होते, ही पूर्वकथा मला अनेक वर्षे माहीत नव्हती. आमच्याकडच्या एका कारागिराने मला तिची वेगळीच आवृत्ती सांगितली होती. त्याच्या मते कारखाना बंद पडला होता आणि मालकाने कामगारांचे देणे चुकवण्याऐवजी भंगार दिले होते. खरी कथा कळली तेव्हा मला त्याचे आश्चर्य वाटले, कारण तो सत्याच्या फारच जवळ पोहोचला होता. ही मालिका अमेरिकेत १९९५ च्या आरंभीच संपली होती. आम्ही ती नवी म्हणून पाहत होतो.

प्रयाग चिखलीजवळून

मी प्राथमिक शिक्षिका आहे. ‘कॅप्टन प्लॅनेट’मध्ये पाच मुलांच्या पाच अंगठ्या असतात. पृथ्वी, अग्नी, वायू आणि जल या चार शक्ती डोळ्यांना दिसतात; पाचवी हृदयाची, ती दिसत नाही. ती मा-टी या मुलाकडे असे. लहानपणी माझ्या मैत्रिणी ती पाचवी अंगठी कमी प्रतीची मानत आणि खेळताना ती नेहमी माझ्या वाट्याला येई. एकदा मी रडत घरी आले, तेव्हा माझ्या आत्याने मला संगमावर नेले आणि पंचगंगेच्या नद्या मोजायला सांगितल्या : कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. पाचवी सरस्वती गुप्त आहे, पण तिच्यावाचून नदीला पंचगंगा म्हणत नाहीत, एवढेच ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती अंगठी मी मागून घेऊ लागले. प्रदूषणाचा स्पर्श होताच कॅप्टन प्लॅनेटची शक्ती जाते, हे मी आता वर्गात सांगते, आणि खालच्या अंगाला काळवंडलेले पंचगंगेचे पाणी मुलांनी पाहिलेले असल्यामुळे त्यांना ते समजावून द्यावे लागत नाही.

मंगळवार पेठेतून

मी चित्रकार आहे. १९९२ सालची ‘बॅटमॅन’ची मालिका मी मित्राच्या घरी पाहिली. तिची पार्श्वचित्रे काळ्या कागदावर रंगवलेली होती. म्हणजे अंधार आधीपासून असे आणि उजेड त्यावर ठेवला जाई. हे तंत्र नंतर शिकताना कळले, पण त्याचा परिणाम मला दहाव्या वर्षीच जाणवला होता.

‘हार्ट ऑफ आइस’ हा मिस्टर फ्रीझ या खलनायकाचा भाग लागला होता. बॅटमॅनला सर्दी झालेली असते आणि त्याचा सेवक अल्फ्रेड त्याला कोंबडीचे गरम सूप बांधून देतो. माझी आई सर्दीवर पांढरा रस्सा देत असे, त्यामुळे मला ते अगदी घरचे वाटले. तेच गरम सूप वापरून बॅटमॅन फ्रीझचे काचेचे शिरस्त्राण फोडतो, आणि नेमकी तिथे वीज गेली. मी घरी निघून आलो. मित्राकडे नंतर वीज आली असावी, कारण सोमवारी शाळेत त्याने मला शेवट सांगितला : बॅटमॅन फ्रीझच्या आजारी बायकोला बरे करतो आणि ती दोघे घरी जातात.

वीस वर्षांहून अधिक काळ मी तोच शेवट मानत आलो. मग एका रात्री तो भाग पूर्ण पाहिला. फ्रीझ थंड कोठडीत एकटा बसला आहे, हातात काचेच्या गोळ्यातली नाचणारी बाहुली आहे, आणि तो बायकोची क्षमा मागतो आहे. मी मित्राला फोन केला. त्याला सगळे आठवत होते. त्याच्याकडे वीज लवकर आली होती आणि शेवट त्याने पाहिला होता. त्या वर्षी माझी आई दवाखान्यात होती, म्हणून त्याने मला तो सांगितला नव्हता.