कॅम्पर गाडीतला पाईप थंडीने फुटला, गळती सापडत नाही – मदत हवी आहे (जळगाव)

तापीकाठ

राम राम मंडळी. हसायचं असेल तर आधी हसून घ्या. आमच्या प्लंबरला फोनवर सांगितलं, "पाईप थंडीने फुटलाय." तो म्हणाला, "भाऊ, आपल्या जळगावात पाईप उन्हाने वाकतो. थंडीने फुटलेला मी अजून पाहिला नाही." तो आलाच नाही.

तर झालं असं. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर करून घेतली आहे. मागच्या पलंगाखाली ८० लिटरची टाकी, शेजारी १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, तिथून अर्धा इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लॅस्टिक) पाईपची लाइन. ती ओट्याकडे, बाथरूमच्या मिक्सरकडे, जेट स्प्रेकडे आणि १० लिटरच्या गीझरकडे जाते. डिसेंबरमध्ये मनालीवरून अटल बोगद्यातून पलीकडे सिस्सूला गेलो, तीन रात्री राहिलो. जिथे गाडी लावली होती तिथले काका पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, पाणी काढून टाका. मी टाकी रिकामी केली, सगळे नळ घट्ट बंद केले आणि शहाण्यासारखा झोपलो. सकाळी नळातून थेंब नाही. पुढचे दिवस बादलीवर काढले.

घरी येऊन टाकी भरली. आता सगळे नळ बंद असताना पंप दर चाळीस सेकंदांनी 'टुर्र' करतो आणि गप्प होतो. कपडे ठेवायच्या कपाटाखालची प्लाय ओली झाली आहे. कपाट रिकामं करून पाहिलं तर तिथून पाईपच जात नाही! हाताला लागतील ते सगळे जॉइंट चाचपले, कोरडे आहेत. पंपाच्या आधीच्या जाळीचा पारदर्शक कपही शाबूत आहे. ज्याने गाडी बनवून दिली तो म्हणतो, आणून ठेवा, सगळं पॅनेलिंग काढावं लागेल, खर्च वेगळा. पॅनेल सगळे गोंदाने चिकटवलेत, काढले की तुटणार. न तोडता गळती धरता येईल का?

भुसावळ_शेड

आम्ही हवेची गळती साबणाच्या पाण्याने धरतो. अजिंठा चौफुलीवर एखाद्या पंक्चरवाल्याकडे न्या, पंप काढून लाइनीत पाच-सहा किलो हवा मारा आणि साबण लावत चला. बुडबुडा आला की सापडली.

ठिबकवाला_रावेर

थांबा, सीपीव्हीसीत हवा मारू नका. पाण्याच्या दाबाने पाईप फुटला तर चिळकांडी उडते आणि दाब तिथल्या तिथे मरतो. हवा स्प्रिंगसारखी दाबून बसलेली असते, पाईप फुटला की तुकडे अंगावर येतात. पाईप बनवणारेसुद्धा हवेने टेस्ट करू नका असंच सांगतात. त्यात तुमचा पाईप आधीच तडकलेला.

तुमच्याकडे पंप आहे, तोच मीटर समजा. हे पंप साधारण तीन किलो दाबाला आपोआप बंद होतात आणि दाब उतरला की परत लागतात. म्हणजे पाणी कुठूनतरी जातंय. केळीच्या बागेत आम्ही काय करतो? एकेक व्हॉल्व्ह बंद करत जातो, म्हणजे कुठल्या तुकड्यात दाब पडतोय ते कळतं. तसंच करा.

पहिल्यांदा पंपाची बाहेर जाणारी नळी काढून तिथे प्लग लावा आणि पंप चालू करा. तरीही टुर्र केलं तर पंपाच्या आतला व्हॉल्व्ह गेलाय, पॅनेलला हात लावायची गरज नाही. गप्प राहिला तर नळी जोडा आणि गीझरचा इनलेट कॉक बंद करून बघा. गीझर रिकामा असेल तर त्याचा विजेचा बोर्ड बंद ठेवा, कॉइल जळेल.

आणि एक सांगा, गाडी कुठल्या बाजूला उतरती उभी आहे?

भुसावळ_शेड

मान्य. आमच्याकडे सगळ्या लाइनी लोखंडी, त्यामुळे हे डोक्यात आलं नाही.

तापीकाठ

तुम्ही उताराचं विचारलंत म्हणून बाहेर जाऊन पाहिलं. कंपाउंडमध्ये रॅम्प आहे, गाडीचं तोंड खाली आहे. म्हणजे पाणी मागे कुठेतरी पडून पुढे कपाटाखाली येतंय की काय?

पंप प्लग लावून गप्प बसला. गीझरचा कॉक बंद केला, दहा मिनिटं गप्प! उघडला की पुन्हा चाळीस सेकंद. मग गीझरचा आउटलेट काढून तिथे कॅप लावली आणि कॉक उघडला, तरी गप्प. म्हणजे गीझरची टाकी वाचली, बिघाड गरम पाण्याच्या लाइनीत. ती मागच्या चाकाच्या कमानीवरून जाते. तिथे पत्र्याला लागून नुसता फोम आहे, सगळ्यात जास्त थंडी तिथेच लागली असणार. पॅनेल तिथलं फोडू का?

अमळनेरनी_पोर

कठे फुटना ते सापडी जाई भाऊ, धीर धरा. पॅनेल फोडू नका.

नवऱ्याच्या नोकरीमुळे चार हिवाळे लेहमध्ये काढलेत, फुटके पाईप भरपूर पाहिलेत. बर्फ जिथे धरतो तिथेच पाईप फुटतो असं नाही. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं. बर्फाचं बूच मधे बसतं आणि वाढत जातं. एका बाजूला रिकामी टाकी असेल तर पाणी मागे सरकतं, पण दुसऱ्या बाजूला नळ बंद असेल तर त्या मधल्या पाण्याला जायला जागाच नाही. तिथे दाब चढत जातो आणि जो कच्चा तुकडा असेल तो जातो. बहुतेक वेळा एल्बो (वळणावरचा जोड), नाहीतर नळाची बॉडी. तुम्ही टाकी काढली पण नळ घट्ट बंद केलेत ना, लाइनीच्या खोलगट भागात पाणी तसंच राहिलं. नळ उघडे ठेवले असते तर कदाचित निभावलं असतं.

म्हणून कमानीवर नाही, मिक्सरच्या मागे बघा. मिक्सरच्या दोन चकत्या फिरवून बाहेर काढल्या की बोट जाईल एवढी फट मिळते. मोबाइलचा कॅमेरा आणि टॉर्च आत घाला. दुसरं म्हणजे एकच ठिकाण फुटलंय असं धरून चालू नका.

तापीकाठ

ताई, सापडलं!! मिक्सरच्या मागचा गरम बाजूचा एल्बो, पाठीवर उभी तडा, करंगळीच्या पेराएवढी. पंप लागला की पाणी भिंतीवर न उडता पाईप धरून खाली कमानीवर जातं, तिथून फरशीच्या खाचेतून चार फूट पुढे कपाटाखाली. मी महिनाभर कपाट पुसत होतो.

आता जोडायचं कसं? शेजारी म्हणतात वरून इपॉक्सी पुटी लावा.

ठिबकवाला_रावेर

पुटी चार दिवस टिकेल, पाचव्या दिवशी पुन्हा इथेच याल. तडकलेला तुकडा दोन्हीकडून चांगला पाईप लागेपर्यंत कापा. जोडायचं सोल्युशन (पाईपचा गोंद) सीपीव्हीसीचंच घ्या, साध्या पीव्हीसीचं चालत नाही. आतून पाणी पूर्ण टिपून घ्या, ओल्यावर जोड धरत नाही. एक दिवस तसंच ठेवून मग पंप लावा.

पण माझं ऐकाल तर तिथे परत एल्बो लावूच नका. घर हलत नाही, गाडी हलते. दोन टोकांना थ्रेडचे अडॅप्टर लावून मधे स्टीलच्या जाळीची फ्लेक्सिबल नळी टाका. आणि लाइनीच्या सगळ्यात खालच्या जागी एक ड्रेन कॉक बसवून घ्या. हे तर पहिल्याच दिवशी बसवायला हवं होतं, बनवणाऱ्याने का नाही केलं कळत नाही.

भुसावळ_शेड

रेडिएटरचा कूलंट लाइनीत घातला तर गोठणार नाही ना?

अमळनेरनी_पोर

बिलकूल नको. इंजिनच्या कूलंटमध्ये बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विष आहे आणि ही लाइन पिण्याच्या पाण्याची. परदेशात कॅराव्हॅनवाले घालतात ते प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं वेगळं असतं. आपल्याला त्याची गरज नाही. गीझर, लाइन, टाकी रिकामी करायची, सगळे नळ उघडे ठेवायचे, जेट स्प्रे जमिनीवर सोडून दाबून धरायचा, पंप काही सेकंद कोरडा फिरवायचा. आणि पाणी कॅनमध्ये घेऊन आपल्याजवळ आत ठेवायचं.

तापीकाठ

शेवटचं कळवतो. फ्लेक्सिबल टाकली, ड्रेन कॉक बसवला. पंप लावला, गप्प. पेढे आणायला निघणार तोच पंचवीस मिनिटांनी 'टुर्र'. त्या दिवशी मी दहाच मिनिटं थांबलो होतो, तिथे चुकलो. ताई म्हणाल्या तसं दुसरं ठिकाण निघालं. प्रत्येक जॉइंटखाली वर्तमानपत्राची घडी ठेवून तासभर बसलो, जेट स्प्रेखालची घडी ओली. प्लॅस्टिकच्या बॉडीला केसाएवढी चीर. नवीन साडेतीनशेला आला.

काल रात्री पंप चालू ठेवून गाडीतच झोपलो. सकाळी साडेसहापर्यंत आवाज नाही. कपाटाखालची प्लाय मात्र फुगली, ती बदलावी लागेल. मिक्सरमागचा पॅनेल आता गोंदाऐवजी स्क्रूवर घेतोय.

फुटका एल्बो प्लंबरला नेऊन दाखवला. दोनदा फिरवून पाहिला आणि दुकानात ठेवून घेतला.