नेम हलक्या हाताने धरला तेव्हा: तुमचे अनुभव लिहा

आषाढी ते कार्तिकी, चार महिन्यांचा चातुर्मास. दरवर्षी मी रोज एक माळ जप ठरवायचे आणि श्रावण लागायच्या आत एखादा दिवस चुकायचा. चुकला की मन खट्टू, आणि माळ पुन्हा देवघरात. गेल्या चातुर्मासात माळ पर्समध्येच ठेवली. स्वारगेटहून कात्रजला जाताना बसायला मिळालं तर निम्मी, उरलेली रात्री ओटा आवरल्यावर. कधी १०८ मणी पूर्ण व्हायचे, कधी मेरुमणी यायच्या आत डोळा लागायचा. पण कार्तिकीपर्यंत माळ सुटली नाही.

योग, ध्यान, उपास, वारी, जे काही तुम्ही असं हसतखेळत सांभाळलंय ते लिहा. उपदेश नको, स्वतःचं सांगा.

कोथरूड

गुडघे बोलायला लागले तेव्हा वाटलं, आता आसनं संपली. पुण्यात योगगुरू अय्यंगारांची संस्था १९७५पासून आहे आणि मी जन्माची पुणेकर, पण खुर्ची, पट्टे, लोड, लाकडी विटा घेऊन आसनं करतात हे मला साठीत कळलं. मैत्रिणीने त्या पद्धतीच्या वर्गात ओढून नेलं. खुर्चीवरचं सर्वांगासन: कंबर खुर्चीच्या बैठकीवर, खांदे खाली लोडावर, हातांनी खुर्चीचे मागचे पाय धरायचे. पत्र्याची कड टोचते म्हणून वर घोंगडीची चार पदरी घडी. पहिल्यांदा पाय वर गेले तेव्हा मला शाळकरी मुलीसारखं हसू फुटलं, थांबेचना. बाईंनी ते होऊ दिलं, मग म्हणाल्या, "श्वास मोकळा झालाय, आता राहा तशाच." गुडघा फारच दुखला तर त्या दिवशी भिंतीला पाय लावून दहा मिनिटं पडते. मी तोही योगच धरते.

विश्रांतवाडी

आळंदीजवळ मरकळला विपश्यना ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर केलं. पहाटे चारची घंटा, आर्य मौन, सगळं मनापासून पाळलं. निघताना सांगतात, रोज सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसा. दोन महिने बसलो. मग मुलगी झाली, रात्रीची झोप गेली, तासाचा अर्धा तास झाला आणि त्या अपराधी भावनेने मी बसणंच बंद केलं. दोन वर्षं गेली. आता ती दुपारी माझ्या छातीवर झोपते तेव्हा श्वासावर लक्ष ठेवतो. तिचा श्वास भरभर, माझा सावकाश. वीस मिनिटं मिळतात. शिबिराच्या शिस्तीत हे बसत नाही, हे मला माहीत आहे. तिथे पुन्हा जाईन तेव्हा तिथलेच नियम पाळीन.

सदाशिव पेठ

चाळीस वर्षं संकष्टी केली. इन्सुलिन सुरू झाल्यावरही हट्टाने करत राहिलो. एकदा चंद्रोदय उशिरा होता; दरदरून घाम, हात थरथरायला लागले, सुनेने साखरपाणी पाजलं. इन्सुलिन घेऊन उपाशी राहायचं नसतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आता वेळेवर पोळीभाजी खातो आणि रात्री गच्चीवर नातवंडांबरोबर चंद्राची वाट बघतो. ढग असले तर ती शोधत बसतात, मी अथर्वशीर्ष म्हणतो.

बिबवेवाडी

ठरवले होते रोज बारा सूर्यनमस्कार. पाळीच्या दिवसांत शून्य, परीक्षेच्या दिवसांत तीन. सहा वर्षं चालू आहेत.

हडपसर

पंढरपूरपर्यंत चालणं मला जमणारं नाही, नोकरी आहे, आई थकली आहे. पालख्या पुण्यात मुक्काम करून निघतात तेव्हा दरवर्षी माउलींबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत जायचे. मागच्या वर्षी तेही जमणार नव्हतं. आईला घेऊन नुसती हडपसरला रस्त्याकडेला उभी राहिले. इथून तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे वळते, माउलींची सासवडकडे. दिंडीतल्या एक आजी थांबल्या, डोक्यावरचं तुळशीवृंदावन आईच्या हातात दिलं आणि माझे दोन्ही हात पकडले. "चल गं, फुगडी घालू." ऊन मी म्हणत होतं, डांबर तापलेलं, आजींच्या तळहाताला घट्टे. आम्ही गरगर फिरत होतो आणि आई तुळस छातीशी धरून "माउली, माउली" करत होती.