चवथीला मूळ घरी जाता तेव्हा तुम्ही पाहुणे असता की घरचे?

देशाबाहेर राहणाऱ्या गोंयकारांसाठी, म्हणजे गोव्याच्या माणसांसाठी, हा धागा काढते आहे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मूळ घरी जाता, चार दिवस काका-काकी, आत्या, चुलतभावंडं यांच्यात राहता, तेव्हा काय काय होतं ते लिहा. गोड आठवणी लिहा, आणि खुपलेलंही लिहा. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चवथ 14 सप्टेंबरवर गेली आहे (2025 ला ती 27 ऑगस्टला होती), त्यामुळे पुष्कळ घरांत रजेची बोलणी सुरू असणार.

सुरुवात माझ्यापासून. मी मस्कतला असते, सासरचं मूळ घर बोरीला. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं चवथीला गेले की पोचल्या पोचल्या थोरल्या काकी म्हणायच्या, "आयलें गो बाय तूं? बस, दमली आहेस." मी बाहेरच्या खोलीत चहा घेऊन बसायची. आत आठ-दहा बायका नेवऱ्या (करंज्या) करत असायच्या, हसण्याचे आवाज यायचे. मी दारात गेले की सगळ्या प्रेमाने वळून बघायच्या आणि बोलणं थांबायचं. प्रेमच होतं ते, पण मला रात्री झोप लागायची नाही.

चौथ्या वर्षी न विचारता आत जाऊन पाटावर बसले. काकींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लाटलेली पारी हातावर ठेवली. चून (खोबरं-गुळाचं सारण) भरलं, कडेला पाण्याचं बोट फिरवलं, मिटली. पण मुरड घालायला आली नाही. अंगठ्याने दाबायचं, दुमडायचं, पुन्हा दाबायचं, दोरीच्या पिळासारखी कड यायला हवी. माझी नेवरी तेलात उघडली, खोबरं-गूळ सगळा कढईत पसरून करपला. काकींनी कढई उतरवली, तेल गाळलं, पुन्हा चुलीवर ठेवलं आणि दुसरी पारी माझ्या हातावर दिली. तोंडाने काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून मला कोणी "बस" म्हटलेलं नाही.

स्विंडन, मूळ गाव डोंगरी

आमच्याकडे प्रश्न शाळेचा. इंग्लंडमध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीला शाळा उघडतात, परवानगीशिवाय मूल घरी ठेवलं तर दंड लागतो. 2024 ला चवथ 7 सप्टेंबरला होती, मी एकटाच गेलो. त्याआधीची एक चवथ तर कागदपत्रांत गेली. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व संपतं, आणि ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं परदेशी नागरिकाचं कार्ड) हातात येईपर्यंत मी तिकीटच काढलं नाही. ज्यांचं हे चालू आहे त्यांनी चवथीचा भरवसा धरून थांबू नका, अर्ज आधी करा.

2025 ला मात्र सगळे गेलो. मुलगा बारा वर्षांचा आहे. आम्ही कोंकणीत बोलतो, तो उत्तर इंग्रजीत देतो, घरचा नियमच झाला आहे तो. आरतीला घुमट, शामेळ ही चर्मवाद्यं आणि कासाळें (झांजा) सुरू झाली आणि हा कोपऱ्यातून हळूहळू पुढे सरकत गेला. शेवटी माझ्या चुलत्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला. आरत्या संपल्यावर काकांनी घुमट त्याच्या गळ्यात अडकवलं. मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं, दुसरं तोंड उघडं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डावा तळवा उघड्या तोंडावर झाकायचा-उघडायचा, तेव्हा तो खोल घुमणारा नाद येतो. काकांना इंग्रजी येत नाही. म्हणून या मुलाने, मी प्रथमच ऐकलं, विचारलं, "आजो, हें कातडें कोणाचें?" काकांनी सांगितलं, पूर्वी घोरपडीचं असायचं, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकऱ्याचं. अर्धा तास दोघं बोलत होते. मी खांबामागे उभा राहून ऐकत होतो, पुढे गेलो असतो तर तो परत इंग्रजीवर आला असता.

जहाजावरून

तारवटी आहे, जहाजावर नोकरी. नऊ महिन्यांच्या कंत्राटात चवथ आली तर आली, नाही तर नाही. सलग चार वर्षं नाही. घरी जातो तेव्हा कधी शिगमो असतो, कधी मे महिन्याचे आंबे. आई चवथीच्या सुक्या नेवऱ्या डब्यात ठेवून द्यायची, दिवाळीपर्यंत टिकत. आता आई नाही. वहिनी ठेवते.

डिचोली (परदेशात नाही, घरातच)

मी बाहेरून येणारी नाही, दार उघडणारी आहे. चालत असेल तर माझंही ऐका.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. चवथीला घरात सव्वीस माणसं असतात, त्यातली अकरा परदेशातून. तुम्ही आलात की घर भरतं, सासूबाईंच्या चेहऱ्यावर तेज येतं, हे मी मनापासून सांगते. पण तुम्ही येता तयेच्या, म्हणजे चवथीच्या आदल्या, संध्याकाळी. तोवर भिंतींना रंग झालेला असतो, चिंच लावून तांब्याची भांडी घासून झालेली असतात, रानातून केवणीचे दोर आणि कांगलं, माट्टी ही रानफळं आणून माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची चौकट) बांधून झालेली असते. पंचमीला संध्याकाळी विसर्जन, आणि दुसऱ्या दिवशी तुमची गाडी मोपाच्या विमानतळाकडे निघते. मागे उरतात सव्वीस माणसांच्या चादरी, आणि भाद्रपदातल्या पावसात चादर चार-चार दिवस वाळत नाही.

आणि एक. मागच्या चवथीला जेवण झाल्यावर दीर-भावांनी तासाभरात ठरवलं, मागच्या पडवीची कौलं काढून पत्रे घालायचे. पैसेही लगेच आले, त्यात कोणी हात आखडला नाही. पण सुतार शोधणं, तो येईल म्हणून वाट बघणं, पाऊस आत आल्यावर तांदळाची पिंपं हलवणं, हे कोणी करायचं ते ठरलं नव्हतं. ते आपोआप माझ्याकडे आलं.

चॉकलेटं, परफ्यूम आणू नका असं म्हणत नाही. चार दिवस आधी या. माझ्याबरोबर बाजाराला चला. मला मदतीपेक्षाही सोबत हवी आहे.

लिस्बन, मूळ गाव दिवाडी

आमच्या घराण्यात मूर्ती नाही, कागदावर चितारलेला गणपती पुजतात. इन्क्विझिशन (पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय) गोव्यात 1560 ला आली आणि 1812 ला कायमची उठली. त्या काळात मूर्ती लपवणं कठीण, कागद गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवता यायचा, असं आजी सांगायची. आज मी त्याच पोर्तुगालमध्ये नोकरी करतो, या गोष्टीचा विचार दर चवथीला येतो.

2025 ला रजा मिळाली नाही. घरची दुपारी बाराची आरती म्हणजे इथे सकाळचे साडेसात. भावाने व्हिडिओ कॉल लावला, फोन पाटाजवळ उभा केला, आरती झाली, मी नमस्कार केला. मग कोणाचा तरी धक्का लागून फोन उताणा पडला आणि कॉल बंद करायचं सगळे विसरले. तासभर मला फक्त माटोळी दिसत होती. सुपारीचं शिपटं, आंबाडे, एक तोरिंगण (मोठं लिंबासारखं फळ), मधोमध चिबूड, वाऱ्याने जरा जरा हलणारा. खालून पत्रावळ्यांचा आवाज. "मीठ खंय आसा?" कोणीतरी खतखत्यात (मिश्र भाजीत) तिरफळं कमी पडली म्हणालं. काकूने माझं नाव घेऊन विचारलं, तो जेवला असेल का. मी कामावर उशिरा पोचलो, पण फोन कापला नाही.

पुन्हा मस्कत

डिचोलीच्या वहिनी, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं आणि मग नवऱ्यालाही वाचून दाखवलं. आमच्या घरात ही कामं थोरल्या काकींची सून करते. तिला मी आजवर विचारलेलंच नव्हतं, चादरींचं तर डोक्यातही आलं नव्हतं. काल रात्री तिला फोन केला. 13 सप्टेंबरचं तिकीट बदलून 9 चं केलं आहे, परतीचंही तीन दिवसांनी पुढे ढकललं. 10 तारखेला गुरुवार आहे, बाणस्तारीचा बाजार. ती म्हणाली, सकाळी सहाला निघू, नंतर चांगली कांगलं मिळत नाहीत.