मदत हवी आहे: कोकम आगळ कोल्हापूरच्या किराणा दुकानांत कसं पोहोचवावं?

नमस्कार मंडळी. कुडाळजवळ आमचा महिला बचत गट आहे. कोकम आगळ (कोकमाचा घट्ट, खारवलेला रस), कुळीथ पीठ आणि मालवणी मसाला करतो. आजवर जत्रा, प्रदर्शनं आणि ओळखीतून विक्री झाली. आता कोल्हापूर, सांगलीच्या दुकानांत माल ठेवायचा आहे.

एक वितरक तयार आहे, पण हिशोब जुळत नाही. १५० रुपये एमआरपीच्या बाटलीवर दुकानदार २० टक्के मागतो, म्हणजे त्याला ती १२० ला पडायला हवी. त्यातून वितरकाचे १० टक्के गेले की आमच्याकडे १०८ उरतात. त्यातूनच जीएसटी, बाटली, खोका आणि ट्रान्सपोर्ट. शिवाय डझनावर एक फुकट अशी स्कीम द्या, म्हणतात. एमआरपी वाढवली तर गिऱ्हाईक मोठ्या ब्रँडचं सरबत उचलेल, आणि आगळात पैसे वाचवायला पाणी घालणं आम्हाला मान्य नाही.

हे टक्के रास्त आहेत का? गळकी किंवा मुदत संपलेली बाटली परत आली तर नुकसान कोणी सोसायचं? मुख्य काळजी उधारीची आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या लहान उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. पण वितरकाशी संबंध न बिघडवता तो कोणी वापरला आहे का? बायकांचे पैसे अडकले तर पुढच्या हंगामात रातांबे (कोकमाची फळं) घ्यायलाच भांडवल उरणार नाही.

की आधी चार-पाच दुकानांना थेट माल द्यावा? या धंद्यातल्यांनी कृपया सविस्तर सांगा.